तिघऱ्याच्या काठावरचा गळ

मंडळी, मागच्या आठवड्यात इथे एका फोटोवर बरीच चर्चा झाली. लष्करातून तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या आपल्यातल्याच एका घरातला नातू, वय नऊ-दहा, तळ्याच्या काठावर उभा आहे आणि हातात तळहाताएवढा चपटा, काळ्या ठिपक्यांचा मासा आहे. खाली लिहिलं होतं, 'पहिली क्रॅपी!' सगळ्यांनी कौतुक केलं. पण एका ज्येष्ठांनी लिहिलं की आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत असले उद्योग कधी नव्हते, हे तिकडचं खूळ. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, होते. चांगले दोन-तीन पिढ्या होते. फक्त ते कोणी लिहून ठेवले नाहीत, म्हणून आज हे लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

आधी त्या पोराच्या माशाबद्दल दोन शब्द. क्रॅपी हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला मासा, काळी आणि पांढरी अशा त्याच्या दोन जाती. आपल्याकडे तो नाही. तिकडे नवशिक्याला आधी याच्याच मागे लावतात, कारण त्याला होडी लागत नाही. वसंतात पाणी कोमट झालं की तो अंडी घालायला उथळ पाण्यात, काठाशी येतो. नर घरटं करून राखण करत बसतो. बुडालेल्या फांद्या, गवत, जुने खांब असतील तिथे थवाच असतो. बारीक गळ, त्यावर छोटा जिवंत मासा, वर तरंगणारा बोंडासारखा तुकडा, एवढ्यावर काम होतं. फक्त एक खोड आहे. त्याचे ओठ कागदासारखे पातळ असतात, हिसका मारला की फाटतात आणि मासा गेला. म्हणजे मुलाला पहिला धडा मिळतो तो हात हलका ठेवण्याचा. आमच्याकडे हा धडा टेंगऱ्याने आणि रोहूने शिकवला, आणि शाळा होती सागरताल, रायपूरचा बांध आणि सगळ्यात मोठी म्हणजे तिघरा.

आता प्रश्न असा की ग्वाल्हेरात मासे खाणारे मराठी होतेच किती? पुष्कळ होते. आपण ग्वाल्हेरचे मराठी म्हटलं की पटकन पुरणपोळी, गणपती, ढोलीबुवांचा मठ आणि गाणं एवढंच डोळ्यांपुढे आणतो. पण महादजींच्या मागे उत्तरेत आलेल्यांत कोकण-गोव्याकडचे शेणवी काही कमी नव्हते. जिवबादादा बक्षी केरकर, लखबादादा लाड, बाळोबा तात्या पागनीस ही शिंद्यांच्या इतिहासातली मोठी नावं तिकडचीच. कुलाब्याच्या आरमाराचे आंग्रे, कान्होजींचे वंशज, तेही दरबारातले सरदार झाले. कायस्थ प्रभू होते, मराठा सरदार-शिलेदार होते. दौलतरावांची छावणी 1810 मध्ये इथे स्थिरावली आणि तंबूंच्या जागी घरं उभी राहिली, ते आपलं लष्कर. ज्यांच्या पणजोबांनी समुद्राचा बांगडा आणि सुरमई खाल्ली होती त्यांची नातवंडं समुद्रापासून हजार किलोमीटर लांब, जिथे उन्हाळ्यात कावळाही सावली शोधतो, अशा गावात वाढली.

जिभेला मात्र ते ठाऊक नव्हतं. आमच्या घरी कोकम मुंबईहून कोणी आलं तर यायचं, नाहीतर चिंच. ओला नारळ देवापुरता, वाटणात सुकं खोबरं. तेल मोहरीचं. त्यामुळे जी आमटी व्हायची ती ना कोकणातली ना इथली, पण आम्हाला तीच खरी वाटायची. रोहूचे काप व्हायचे आणि बारीक मासे चिंचेत आटवले जायचे. स्वयंपाकघरात नाही हं! मागच्या पडवीत वेगळी चूल, वेगळी कढई, आणि शेजारच्या देशस्थ काकूंना वास जाऊ नये म्हणून वारा बघून दिवस ठरायचा. काकू मात्र दुसऱ्या दिवशी हळूच विचारायच्या, 'काल काही बेत होता वाटतं?'

मासा बाजारातून यायचा आणि कधी कधी गळाने यायचा. या दुसऱ्या प्रकारची नोंद कुठेच नाही. ग्वाल्हेर संस्थानच्या शिकारीची नोंद किती आहे बघा. माधव महाराजांनी वाघाच्या शिकारीवर स्वतः पुस्तक लिहिलं. शिवपुरीच्या जंगलात बादशहा पंचम जॉर्ज यांच्यासाठी जॉर्ज कॅसल बांधला. वाघांच्या कातड्यांसोबतचे फोटो अजून लोकांच्या दिवाणखान्यात आहेत. माशाबरोबर फोटो काढायला दरबारचा फोटोग्राफर येत नसे. बांबूची काठी घेऊन तळ्याकाठी उकिडवं बसणं ही शिकार मानलीच जात नव्हती. ते पोरांचं आणि रिकामटेकड्यांचं काम.

आणि ज्यांना वाटतं की गळाचा शौक साहेबाने आणला, त्यांच्यासाठी एक मजेशीर गोष्ट. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. मराठी भाषेच्या इतिहासात त्याचं नाव येतं, कारण त्यात जुन्या मराठीतल्या ओळी आहेत. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असं एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, कुठल्या माशाला काय खायला घालावं, दोरी कशाची करावी, गळाने मासा कसा धरावा, सगळं आहे. म्हणजे साडेआठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच दख्खनचा राजा काठावर बसून तरंगत्या काडीकडे बघत होता. साहेबाने फिरकीचा रॉड आणला हे खरं, पण काठावर बसायला त्याने शिकवलं नाही.

आम्हाला शिकवलं ते ढीमरांनी.

ही ओळ मी मुद्दाम वेगळी लिहिली. आपल्या आठवणींच्या पोस्टमध्ये सरदार येतात, मास्तर येतात, बुवा येतात, डॉक्टर येतात. ढीमर येत नाहीत. ढीमर, कहार, केवट, आता बरेच जण आडनाव बाथम किंवा मांझी लावतात. तळ्यात शिंगाडे लावणं, मासे धरणं, पाणी भरणं, आणि एके काळी पालखी उचलणं ही त्यांची कामं. आपल्या मराठी मुलखात हीच कामं कोण करतं? भोई. पालखीही भोयांच्या खांद्यावर आणि जाळंही भोयांच्याच हातात. रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातल्या जातींवर 1916 साली जे मोठे खंड छापले, त्यात ढीमर, कहार आणि भोई यांची नावं एकाच प्रकरणाच्या मथळ्यात आहेत. मला हे वाचलं तेव्हा गंमत वाटली, कारण आमची आजी ढीमरांना शेवटपर्यंत 'भोई'च म्हणायची आणि आम्ही तिला हसायचो. तिचा शब्द बरोबर होता. सातशे मैलांच्या दोन टोकांना एकच धंदा, एकच हुन्नर.

आता तिघऱ्याकडे येतो. 1916 हे साल तिघऱ्याचंही आहे.

सांक नदी लहानच. पुढे आसनला मिळते, आसन कुंवारीला, आणि ते पाणी शेवटी सिंध-यमुनेत जातं. पण ग्वाल्हेरच्या कहाण्यांत सांकेला जुना मान आहे. राजा मानसिंह तोमराने गुजरी राणी मृगनयनीसाठी तिच्या राई गावचं पाणी किल्ल्याखालच्या गुजरी महालापर्यंत आणलं, ही दंतकथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. ते पाणी सांकेचं. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण शहराची तहान आणि सांक यांचं नातं लोकांच्या मनात चारशे वर्षं आधीपासून होतं. माधव महाराजांच्या काळात त्या नदीवर, गावापासून वीसेक किलोमीटरवर, बांध घातला गेला. चुन्यातलं दगडी बांधकाम, उंची 24 मीटर, लांबी 1341 मीटर. हेतू पिण्याचं पाणी.

बांध एक पावसाळा टिकला. 4 ऑगस्ट 1917 रोजी सांकेला एवढा पूर आला की पाणी भिंतीवरून वाहू लागलं, सुमारे 400 मीटर लांबीवरून, पाऊण मीटरहून जास्त जाडीचा थर. दगडी बांधाला वरून पाणी वाहिल्याने इतकं भय नसतं. भय पायाचं होतं. खाली वालुकाश्म, त्यात पाणी मुरलेलं. भिंत फुटली नाही, सरकली. दोन मोठे तुकडे आख्खेच्या आख्खे पुढे ढकलले गेले आणि त्या खिंडारातून तळं बाहेर पडलं. जगातल्या धरणफुटींच्या याद्यांत तिघऱ्यापुढे सुमारे हजार मृत्यूंचा आकडा लिहिलेला असतो. श्रावणातला दिवस, खालच्या बाजूला नदीकाठची गावं.

मी लहानपणी तिघऱ्याबद्दल जे ऐकलं त्यात हे नव्हतं. 'महाराजांनी बांधला, विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवले' एवढंच सांगत. दरवाजांची गोष्ट खरीच अभिमानाची आहे. विश्वेश्वरय्या पुण्याकडे नोकरीत असताना त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे काढले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजा स्वतः उघडतो, पूर ओसरला की स्वतः मिटतो. 1903 मध्ये ते पहिल्यांदा खडकवासल्याला बसले. मग तिघरा, मग म्हैसूरचा कृष्णराजसागर. म्हणजे पुण्याच्या आणि आपल्या पाण्याचं असं एक जुनं नातं. पण बांध पुन्हा उभा राहिला तो 1929 मध्ये, पहिल्यानंतर तेरा वर्षांनी. तोपर्यंत माधव महाराज पॅरिसमध्ये वारले होते, 1925 मध्ये. गादीवर जिवाजीराव, जन्म 1916, म्हणजे बांधाच्या वयाचेच, आणि कारभार रीजन्सी कौन्सिलकडे. महाराजांच्या पुतळ्यावर लेख आहे, दरवाजांचं श्रेय आहे. सांकेत वाहून गेलेल्यांची नावं कुठे वाचलेली मला तरी आठवत नाहीत.

ढीमरांच्या बोलण्यात ती होती. नावं नव्हेत, पण गोष्ट होती. आम्हाला काठावर बसायला शिकवणारे एक म्हातारेबुवा होते, आम्ही त्यांना नुसतं 'दद्दा' म्हणायचो. कोणी पोरगं भिंतीच्या बाजूला गळ टाकायला गेलं की ते हाक मारायचे, 'उधर नहीं भैया, उधर पानी ने आदमी खाए हैं।' आम्हाला वाटायचं मुलांना घाबरवतायत. सत्तावन्न की अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची ती गोष्ट त्यांच्या घरात ताजी होती आणि आमच्या घरात कोणाला माहीतही नव्हती, दोन्ही घरं एकाच नळाचं पाणी पीत असून.

दद्दांची शिकवणी कशी चालायची ते सांगतो, कारण मुख्य तेच आहे.

पहिल्या दिवशी गळ हातात मिळायचाच नाही. बसायचं. ऊन पाठीवर असेल तर आपली सावली पाण्यात पडते आणि उथळातला मासा पळतो, म्हणून ऊन तोंडावर घेऊन बसायचं. 'परछाईं मत डालो' हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेन. पाय आपटायचा नाही. बोललेलं चालतं, माशाला आपलं बोलणं फारसं कळत नाही, पण काठावर धप्पकन उडी मारली की जमिनीतून पाण्यात हादरा जातो. वारा कुठून येतोय ते बघायचं, कारण वाऱ्याने ढकललेलं खाणं समोरच्या काठाला जमतं आणि मासे तिकडे जातात. मग पाणवनस्पती कुठे आहे, बुडालेलं बाभळीचं झाड कुठे आहे, गुरं पाण्याला कुठे उतरतात. गुरं उतरतात तिथे गाळ ढवळतो, किडे वर येतात, टेंगरा तिथे हमखास.

दुसऱ्या दिवशी काठी. भरीव बांबूची, शेंड्याला बारीक, आठ-नऊ फूट. फिरकीबिरकी काही नाही. शेंड्याला तंगूस बांधायची, काठीएवढ्याच लांबीची, जास्त नाही. नवशिक्याने लांब दोरी घेतली की ती पहिल्यांदा मागच्या बाभळीत जाते आणि मग स्वतःच्या सदऱ्यात. तंगूस येण्याआधी सुताला पीळ देऊन दोरी करत, ती दद्दांनी करून दाखवली होती. तरंगायला मोरपिसाची काडी. पीस काढून टाकलेला पांढरा दांडा, बोटभर लांब, दोन ठिकाणी दोऱ्याने बांधलेला. ग्वाल्हेरात मोरांची काय कमी! खाली शिशाचा एक लहान मणी आणि मग गळ. काडी पाण्यात उभी राहिली पाहिजे. आडवी पडली तर समजायचं की मणी तळाला टेकलाय, काडी वर सरकवायची. असं दोन-चारदा करून जागेची खोली कळते. दद्दा याला 'पानी नापना' म्हणत.

आमिष म्हणजे गांडूळ. ते नळाखालच्या ओल्या मातीत, केळीच्या बुंध्याशी मिळायचं. आख्खं ओवायचं नाही, तुकडा ओवायचा, टोक वळवळतं ठेवायचं. रोहूसाठी कणकेचा गोळा, घट्ट मळलेला, त्यात कोणी बडीशेप घालतं, कोणी हिंग. आईला वाटायचं आम्ही कणीक चिमण्यांना नेतोय. आणि गळ टाकण्याआधी तिथे मूठभर भाजलेल्या चण्याचं पीठ आणि मातीचा चिखल करून टाकायचा, 'चारा'. मासा जमायला अर्धा तास द्यायचा. आमच्यातली निम्मी मुलं या अर्ध्या तासातच कंटाळून पोहायला पळायची.

मग काडीची भाषा. ही पुस्तकात वाचून येत नाही. काडी थरथरते, थांबते, पुन्हा थरथरते, तर बारीक मासे कडा कुरतडतायत, स्वस्थ बसा. काडी तिरकी होऊन एका बाजूला सरळ चालू लागली तर टेंगरा, तो गळ गिळून निघालाय, उचला. काडी आधी किंचित वर येते आणि मग शांतपणे खाली जाते, तेव्हा रोहू. त्या वेळी छातीत धडधड होते आणि हात आपोआप जोरात मागे जातो, आणि तिथेच मासा सुटतो. मनगट फक्त वळवायचं, जसं आपण कढईतला पापड उलटतो. कागदी ओठांच्या क्रॅपीवाल्या पोराला बहुधा हेच सांगितलं गेलं असेल.

टेंगरा हातात धरणं हा वेगळाच विषय. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन काटे तो ताठ करतो, आणि धरला की करकर आवाज करतो. काटा लागला की हात संध्याकाळपर्यंत ठणकतो. ओलं फडकं टाकून, काट्यांच्या मागून धरायचं. नवशिक्या कोण हे ठणकणाऱ्या हातावरून घरी कळायचं. तिथून पुढची चौकशी आपोआप.

एका गोष्टीत दद्दा फार कडक होते. मरळ, ज्याला इथे सौर म्हणतात, आपली पिल्लं राखते. पिल्लांचा लालसर पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि खाली आईबाप. त्या वेळी ती इतकी चिडलेली असते की समोर काहीही आलं तरी तोंड मारते, म्हणून धरायला अगदी सोपी. दद्दा धरू देत नसत. 'बच्चे वाली है।' बस्स, चर्चा बंद. पावसाळ्यात तर काठीच उचलायची नाही. पुढे मला कळलं की मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा मासेमारीचा बंद ऋतू कायद्यानेच आहे.

त्यामागचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. रोहू, कतला, मृगळ हे आपले मोठे मासे. मृगळाला इथे नरेन म्हणतात. ते साचलेल्या पाण्यात वाढतात छान, पण अंडी घालायला त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. नदीवर बांध घातला की तो रस्ता अडतो. म्हणून पूर्वी तळ्यात सोडायचं बी, म्हणजे बोटाच्या नखाएवढी पिल्लं, पुराच्या नद्यांतून गोळा करून आणत, आणि त्यात नको त्या जातीही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंद पाण्यात अंडी घालायला लावली, आणि मग देशभर तळी-धरणं बियाण्याने भरता आली. आपल्या मराठी माणसांचाही यात वाटा आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांनी महसीरची पैदास 1970 च्या सुमारास यशस्वी केली. आमच्या गळाला लागणारे रोहू हे असे, अर्धे नदीचे आणि अर्धे सरकारी.

आणि आमची टोळी! तिच्यात शेणवी, प्रभू, मराठे तर होतेच, पण सगळ्यात तरबेज होता एका भिक्षुकांच्या घरातला मुलगा. त्याची नजर काडीवरून हलायची नाही. त्याने पकडलेला मासा तो कधी घरी नेत नसे, नेणं शक्यच नव्हतं. दद्दांच्या टोपलीत टाकायचा, तळ्यात दोन बुडक्या मारायचा, जानवं पिळायचा आणि सायकलवर बसायचा. घरी सांगायचा, पोहायला गेलो होतो. ओले केस पुराव्याला. मुली या टोळीत नव्हत्या. माझ्या थोरल्या बहिणीने दोनदा हट्ट केला, तिला रायपूरच्या बांधापर्यंतच नेलं, तेही आजोबा बरोबर असताना. तिने पहिल्याच बैठकीत तीन टेंगरे काढले. तिला पुन्हा नेलं नाही. कारण मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारलं तर ती नुसती हसते.

दद्दांना आम्ही काय दिलं? बिड्यांचं बंडल, दिवाळीला फराळाचा डबा. ते आमच्या घरी मागच्या दाराने यायचे, पडवीत बसायचे, आजी त्यांना वेगळ्या कपात चहा द्यायची. मासा मात्र त्यांच्याच हातचा चालायचा. हे जसं होतं तसं लिहितोय, सजवून लिहिण्यात अर्थ नाही. ज्याला आपण शिकवणारा म्हणतो त्याला आपण कपही आपल्यातला देत नव्हतो.

आता तिघऱ्याला जाल तर वेगळं चित्र आहे. बोट क्लब आहे, रविवारी गर्दी असते, भजी-भुट्टे मिळतात. शहराचं पाणी अजून तिथूनच मोतीझीलला येतं, आणि पावसाळ्यात पेपरात रोज पातळी छापून येते. 740 फुटांचा आकडा आपल्या गावात क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारतात. जलाशयांतली मासेमारी पट्ट्याने दिलेली असते, तेव्हा काठी घेऊन सरळ जाऊन बसता येत नाही, आधी समितीवाल्यांना विचारा. मगरी दिसल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात, नातवंडांना पाण्यात पाय सोडून बसवू नका. शिवपुरीच्या सख्यासागरात तर मगरी उघड उघड ऊन खात पडलेल्या असतात. महाराजांनी आईच्या, सख्याराजेंच्या, नावाने केलेला तो तलाव 2022 पासून रामसर यादीत आहे, तिथे गळाचा विचारही नको. चंबळेवर 1978-79 पासून घडियालांसाठी अभयारण्य आहे, तिथेही मासेमारीला बंदी. सागरतालाचं पाणी आता बघवत नाही.

आमच्या टोळीतले दोघे पुण्यात आहेत, एक बंगळूरला, एक गेला. भिक्षुकांच्या घरातला तो मुलगा बँकेतून रिटायर झाला, अजून शुद्ध शाकाहारी आहे आणि फोनवर अजून काडीच्या हालचालीची नक्कल करून दाखवतो.

तर ज्येष्ठांना उत्तर म्हणून एवढं पुरे. आता एक विनंती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी बंसी, मोरपिसाच्या काड्या, जुने पितळी फिरकीचे रॉड असतील तर फोटो टाका. तिघऱ्याचे 1929 च्या आधीचे फोटो कोणाकडे असतील तर फारच उत्तम. 1917 च्या पुराबद्दल घरात कोणी काही सांगितलं असेल, पत्रात लिहिलं असेल, तर तेही लिहा, दोन ओळी असल्या तरी. आणि ज्यांना ज्यांना काठावर बसायला कोणी ढीमर, केवट किंवा भोयाने शिकवलं असेल, त्यांनी त्या माणसाचं नाव आठवून बघा. आमच्या दद्दांचं खरं नाव आमच्या टोळीतल्या चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ते तिघऱ्याच्या खालच्या बाजूला राहायचे, डाव्या हाताचं करंगळीचं पेर नव्हतं, आणि साधारण 1980 पर्यंत सागरतालाच्या शिंगाड्यांचं काम करायचे. कोणाला काही लागत असेल तर कळवा.